गिऱ्हाईक कोणाचं?

सिंगापूरमध्ये नियम नसलेली गोष्ट सापडणं हे तिथे च्युइंगम सापडण्याइतकंच अवघड. च्युइंगमच्या आयातीवर 1992 पासून बंदी आहे. मेट्रोत उग्र वासाचं ड्युरियन फळ न्यायचं नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवण झालं की ट्रे आपणच उचलून जागेवर ठेवायचा. 1 सप्टेंबर 2021 पासून त्याची अंमलबजावणीही सुरू झाली. पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. म्हणजे रिकामा ट्रे कुठे जावा हे सरकारने ठरवून दिलं. भरलेल्या ट्रेच्या किमतीतला किती वाटा घरपोच ॲपने कापावा, हे मात्र ज्याचं त्याने बघून घ्यावं.

आणि ज्याने त्याने ते चांगलंच बघून घेतलं. 2020 साली सिंगापुरातली ॲपं रेस्टॉरंटांकडून साधारण 25 ते 35 टक्के कमिशन घेत होती. शंभर डॉलरचं जेवण गेलं की तीस डॉलर ॲपचे. कांदा रेस्टॉरंटवाल्याने चिरायचा, फोडणी त्याने द्यायची, गॅसचं बिल त्याने भरायचं, मॉलचं भाडं त्याने चुकवायचं, आणि भात गार आला म्हणून एक तारा मिळणार तोही त्यालाच.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. फूडपांडा 2012 मध्ये सिंगापुरातच सुरू झाली. नोव्हेंबर 2015 मध्ये डिलिव्हरू आली, 2016 मध्ये उबर ईट्स. तेव्हा रेस्टॉरंटवाल्यांचे दिवस मजेचे होते. तीन ॲपं दारात उभी, तिघांनाही आपली यादी भरायची घाई, त्यामुळे तिघांच्याही विक्री प्रतिनिधींचं बोलणं मधाळ. ग्राहकाला सवलत, रेस्टॉरंटला फुकट फोटो, डिलिव्हरी करणाऱ्याला बोनस. पैसा कुठून येतोय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. फुकटच्या जेवणावळीत आचाऱ्याचा पगार कोण देतो हे विचारणं आपल्याकडेही शिष्टाचाराचं समजत नाहीत.

मार्च 2018 मध्ये उबरने आग्नेय आशियातला आपला सगळा धंदा प्रतिस्पर्धी ग्रॅब कंपनीला विकला आणि बदल्यात ग्रॅबमध्ये 27.5 टक्के हिस्सा घेतला. मे महिन्यात उबर ईट्स बंद, ग्रॅबफूड सुरू. स्पर्धा आयोगाने सप्टेंबर 2018 मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून 1 कोटी 30 लाख सिंगापूर डॉलरचा दंड ठोठावला. लग्न लागून वऱ्हाड घरी गेल्यावर भटजींनी पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं, त्यातला हा प्रकार. आज तिथल्या घरपोच जेवणाच्या बाजारात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या ग्रॅबचा आहे. मधाळ बोलणं अजून आहे, पण आता ते ग्राहकासाठी राखून ठेवलेलं असतं.

मग 2020 उजाडलं. 7 एप्रिलला सिंगापूरने टाळेबंदी लावली. नाव दिलं ‘सर्किट ब्रेकर’, कारण तिथे संकटालाही इंजिनिअरिंग खात्याची पाटी लागते. रेस्टॉरंटात बसून खाणं बंद. ते परत सुरू व्हायला 19 जून उजाडला. ज्या दिवशी टेबलं उलटी झाली, त्या दिवशी जोडधंदा असलेलं ॲप हा एकमेव धंदा झाला. आदल्या महिन्यापर्यंत दहात दोन ऑर्डरी ॲपवरून घेणारा माणूस तीस टक्के सोसून नेतो. बाकीच्या आठ टेबलांवरून भाडं निघत असतं. दहाच्या दहा ऑर्डरी ॲपवरून यायला लागल्या की तोच माणूस कॅल्क्युलेटर काढून बसतो, आणि कॅल्क्युलेटर त्याला जे सांगतो ते ऐकून पाणी मागतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने एप्रिल 2020 मध्ये कमिशनला 15 टक्क्यांची मर्यादा घातली. पाठोपाठ न्यूयॉर्कनेही मर्यादा आणली आणि 2021 मध्ये ती कायमची केली. बाजारपेठेच्या नावाने शपथा घेणाऱ्या देशातल्या शहरांनी बाजाराचा कान धरला. सिंगापूरने काय केलं? कमिशनमधले पाच टक्के सरकारी तिजोरीतून भरले. योजनेला छान नाव होतं, अर्ज होते, अटी होत्या. 2021 च्या मे महिन्यात बसून खाणं पुन्हा बंद झालं तेव्हा हीच मदत पुन्हा दिली. रेस्टॉरंटला दिलासा मिळाला हे खरंच. फक्त तो दिलासा रेस्टॉरंटच्या खात्याला स्पर्श करून पुढे ॲपच्या खात्यात जाऊन बसला. सरकारने बाजारात हात घातला नाही, करदात्याच्या खिशात घातला.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. मधल्याच्या कमिशनला आपण अडत म्हणतो. शेतकऱ्याने पिकवायचं, गिऱ्हाईकाने खायचं आणि मधे बसलेल्याने वजनकाट्याकडे बघत टक्के मोजायचे. 2016 च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. अडत बुडणार नव्हती, फक्त कोणाच्या पावतीवर छापायची एवढाच प्रश्न होता, तरी केवढा गदारोळ! कारण अडत कोणाच्या पावतीवर दिसते यावरच तिची लाज ठरते. ॲपचं कमिशन ग्राहकाच्या बिलावर दिसत नाही. तिथे दिसतो तो घरपोच आकार, प्लॅटफॉर्म शुल्क आणि ‘आज तुम्ही इतके डॉलर वाचवले’ हे अभिनंदन.

आता जरा हिशेब मांडू. समजा एका थाळीचा भाव रेस्टॉरंटात 20 डॉलर आहे. ॲप तीस टक्के घेणार, म्हणजे 6 डॉलर. हातात 14. त्यातून माल, पगार, भाडं, वीज आणि तो प्लास्टिकचा डबा. मालक म्हणतो, ठीक आहे, ॲपवर भाव तीस टक्क्यांनी वाढवू. झाला 26 डॉलर. पण तीस टक्के आता 26 चे कापले जातात, हातात येतात 18 डॉलर 20 सेंट. मूळचे 20 हातात पडायला भाव ठेवावा लागतो 28 डॉलर 57 सेंट. तीस टक्के गेलेले परत आणायला जवळपास 43 टक्के चढावं लागतं. शाळेत शेकडेवारीचा तास चुकवलेल्या मालकांना हे गणित ॲपने शिकवलं आणि शिकवणीची फी आगाऊ घेतली.

गोष्ट इथे संपत नाही. भाव 28.57 झाला की ॲपचा प्रतिनिधी फोन करून काळजीने सांगतो, ‘तुमचे भाव जरा चढे दिसताहेत, ऑर्डरी कमी येताहेत. तीस टक्के सवलतीची मोहीम लावू या का? खर्च तुमच्याकडून.’ 28.57 वर तीस टक्के सवलत दिली की ग्राहकाला थाळी मिळते बरोबर 20 डॉलरला. त्यातून तीस टक्के कमिशन गेलं की मालकाच्या हातात पडतात 14. सुरुवातही 14 पासूनच झाली होती. मधल्या मधे सगळ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळालं. ग्राहकाला सवलत मिळाली, प्रतिनिधीचं लक्ष्य पूर्ण झालं आणि मालकाला एक रंगीत आलेख मिळाला.

त्यावर जाहिरात आहेच. यादीत वरती दिसायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. ‘तुमच्या जवळची उत्तम रेस्टॉरंटं’ या मथळ्याखाली पहिलं नाव ज्याचं दिसतं, त्याचं अन्न उत्तम असेलही. पैसे भरलेत एवढं मात्र नक्की.

अशा वेळी रेस्टॉरंटवाले काय करतात? हात टेकणारे टेकतात, बाकीचे युक्त्या लढवतात. त्या युक्त्यांचं कौतुक केलंच पाहिजे.

पहिली युक्ती पिशवीतल्या चिठ्ठीची. डब्यासोबत एक कागद सरकवायचा: ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडे मागवा, दहा टक्के कमी.’ ॲपने आणलेल्या ग्राहकाला ॲपच्याच पिशवीतून निरोप. शेजारच्या वर्गातल्या मुलीला तिच्याच भावाच्या हातून चिठ्ठी पाठवण्याचं धाडस ज्यांनी कधी केलं असेल, त्यांना यातला थरार कळेल. 

दुसरी युक्ती स्वतः येऊन नेण्याची. ग्राहकाने येऊन डबा उचलला तर कमिशन कमी. सिंगापूरमध्ये याला ‘दाबाओ’ म्हणतात आणि ॲपांच्या कितीतरी आधीपासून अख्खं शहर हेच करत आलं आहे. कामावरून येताना खालच्या हॉकर सेंटरमधून प्लास्टिकच्या पिशवीत सूप बांधून घ्यायचं, पिशवी बोटाला अडकवायची आणि लिफ्टमध्ये शिरायचं. ॲपने ही जुनी सवय आधी मोडली आणि आता ‘पिकअप’ म्हणून सवलतीत परत विकायला काढली.

तिसरी युक्ती नावांची. एकाच स्वयंपाकघरातून एक बिर्याणीचं दुकान, एक कबाबचं, एक ‘घरगुती डाळ-भाता’चं, अशी तीन-चार दुकानं ॲपवर उघडायची. आचारी तोच, कढई तीच, फक्त फोनवरच्या पाट्या वेगळ्या. पुण्यात ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे अभिमानाने लिहितात. इथे शाखा भरपूर, दुकानच नाही. अशा दुकानांसाठी स्वयंपाकघरं भाड्याने देणारेही निघाले. डिलिव्हरूने 2017 मध्ये काटोंगला असं केंद्र उघडलं. चव न बदलता नशीब बदलायचं असेल तर नाव बदलून बघावं, हे अंकशास्त्रवाल्यांचं म्हणणं शेवटी तंत्रज्ञानानेही मान्य केलं.

चौथी युक्ती बटण बंद करण्याची. शनिवारी रात्री टेबलं भरली की ॲपच्या टॅबलेटवर ‘व्यस्त आहोत’ हे बटण दाबायचं. समोर बसलेला माणूस पूर्ण पैसे देतोय, मग सत्तर टक्क्यांवाल्याला कशाला हो म्हणा? मंगळवारी दुपारी माशा मारायची वेळ आली की बटण परत चालू. ॲपकडे याची नोंद होत असते. शनिवारी रुसलेल्याला मंगळवारी यादीत कुठे बसवायचं, ते त्याचं यंत्र ठरवतं.

पाचवी युक्ती स्वतःचं दुकान ऑनलाइन मांडण्याची. ओडल नावाची सिंगापूरचीच कंपनी रेस्टॉरंटांना स्वतःची ऑर्डर घेण्याची वेबसाइट करून देते. डबा पोचवायला लालामूव्हसारख्या कंपनीचा टेम्पो-मोटारसायकलवाला बोलवायचा. कमिशन वाचतं. पण वेबसाइट कुणी उघडायची? लोकांच्या फोनवर जागा असते दोन ॲपांना आणि डोक्यात एकाला.

याचा पुरावा हवा असेल तर एअरएशियाचं बघा. 2021 मध्ये ही विमान कंपनी सिंगापुरात घरपोच जेवणाच्या धंद्यात उतरली. कमिशन ठेवलं 15 टक्के, म्हणजे इतर ॲपांच्या जवळपास निम्मं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तेच टाळ्या वाजवणारे लोक घरी गेले आणि जेवण मागवलं ग्रॅबवरून. एअरएशियाने थोड्याच काळात गाशा गुंडाळला. कमी कमिशनच्या ॲपविषयी सर्वांना आदर आहे, जसा खादीविषयी असतो.

‘एवढा जाच आहे तर सोडत का नाहीत?’ असं बाहेरून विचारणं सोपं आहे. सिंगापुरात रेस्टॉरंट चालवणाऱ्याची कोंडी ॲपच्याही आधी सुरू होते. सेवाक्षेत्रातल्या धंद्याला 2021 पासून परदेशी कामगारांचं प्रमाण 35 टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. भारतीय रेस्टॉरंटांना 1 सप्टेंबर 2023 पासून भारतातून आचारी वर्क परमिटवर आणता येतो, पण त्याला किमान 2,000 डॉलर पगार हवा आणि अशांची संख्या एकूण नोकरांच्या 8 टक्क्यांवर जाता कामा नये. आता या मालकाने स्वतःचा डबा पोचवणारा ठेवायचा म्हटला तर तो कुठून आणायचा? परदेशी माणूस ठेवला तर कोट्यातली एक जागा गेली. स्थानिक ठेवला तर पगार आणि त्यावर 17 टक्क्यांपर्यंत भविष्यनिर्वाह निधी, मग पाऊस असो की गिऱ्हाईकांचा दुष्काळ.

ॲपचा मोटारसायकलवाला या हिशेबात येतच नाही. 2024 अखेरपर्यंत तर तो स्वतंत्र व्यावसायिकच समजला जायचा. हे काम सिंगापूरचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी यांनाच करता येतं, आणि तो कुणाच्याच हजेरीपटावर नसतो. मालकाला कोटा मोडायला लागत नाही, ॲपला पगार द्यायला लागत नाही. म्हणजे तीस टक्क्यांत ॲप जे विकतं त्यात डबा वाहण्यापेक्षा जास्त काही आहे. माणूस न ठेवता माणूस वापरायची सोय त्यात आहे. त्यातला थोडा हिशेब सरकारने नंतर चुकता केला. प्लॅटफॉर्म कामगारांचा कायदा सप्टेंबर 2024 मध्ये संमत झाला आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. कामावर इजा झाली तर भरपाई, आणि 1995 पासून पुढे जन्मलेल्यांसाठी भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा. चांगला कायदा आहे. ॲप कंपन्यांनी त्याचं स्वागत केलं आणि ग्राहकाच्या बिलावरचं शुल्क काही सेंटांनी वाढवलं. स्वागताचा खर्च कोणीतरी करायचाच असतो.

दुसऱ्या बाजूला भाडं, वीज आणि 1 जानेवारी 2024 पासून 9 टक्के झालेला वस्तू व सेवा कर. 2024 या एका वर्षात सिंगापुरात 3,047 खाद्यव्यवसाय बंद पडले, जवळपास वीस वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा. सगळं पाप ॲपच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. त्याच वर्षी उघडलेल्यांची संख्या बंद पडलेल्यांपेक्षा जास्त होती, त्यामुळे नुसती मंदी म्हणूनही चालायचं नाही. जुन्याची पाटी उतरायच्या आत नव्याची चढते. ॲपला त्यात काय फरक पडतो? त्याच्या यादीतलं एक नाव गेलं, दोन आली. ग्राहक जागच्या जागी आहे.

खरी मेख या ग्राहकातच आहे. मालक तीस टक्क्यांसाठी रडतात, पण जे गेलंय ते त्याहून मोठं आहे. महिन्यातून चार वेळा तुमची थाळी मागवणारा माणूस कोण, हे तुम्हाला माहीत नाही. त्याचं नाव, फोन, त्याला तिखट चालत नाही, त्याची आई चतुर्थीला कांदा-लसूण खात नाही, हे सगळं ॲपला माहीत. तुम्हाला येतो एक ऑर्डर क्रमांक. उद्या तुम्ही ॲप सोडलं तर त्या माणसाला तुम्ही दिसणार नाही आणि तुम्हाला तो. ॲप त्याला अत्यंत प्रेमाने तुमच्या शेजाऱ्याची थाळी दाखवेल. चवीची निष्ठा वगैरे आपण म्हणतो, ती भूक लागल्यावर साधारण चौथ्या फोटोपर्यंत टिकते.

न्यूयॉर्कच्या नगरसभेला हे दुखणं कळलं होतं. 2021 मध्ये तिने कायदा केला की रेस्टॉरंटने मागितली तर ॲपने ग्राहकाची माहिती द्यावी. ॲप कंपन्या न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कमिशनची मर्यादा घातली तेव्हाही कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, पण ग्राहकांच्या यादीवर त्यांनी जी झुंज दिली त्यावरून ओळखावं की तिजोरी कुठली आणि गल्ला कुठला. आपल्याकडेही रेस्टॉरंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये झोमॅटोच्या सवलत योजनेविरुद्ध ‘लॉगआउट’ची हाक दिली आणि 2021 मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, त्यात ग्राहकांची माहिती दडवली जाते हेही एक गाऱ्हाणं होतं.

मुंबईत 2021 च्या सुरुवातीला इम्प्रेसारिओ या रेस्टॉरंट कंपनीने आपलं जेवण पोचवायला डबेवाल्यांना हाताशी धरलं होतं. 1890 पासून डबे वाहणाऱ्या लोकांना 2021 मध्ये कुणीतरी ‘पर्याय’ म्हणून शोधून काढलं, हे आपल्या नवोन्मेषाचं लक्षण. पण त्या जोडणीत शहाणपण होतं: ऑर्डर थेट, ग्राहक आपला, वाहणारा फक्त वाहणारा. डबेवाल्याने कधी तुमच्या डब्यातली भाजी बघून शेजारणीची भाजी सुचवल्याचं ऐकिवात नाही.

सिंगापूरचे हॉकर या बाबतीत जास्त हुशार निघाले. एप्रिल 2020 मध्ये चायनाटाऊनमधल्या एका बदकवाल्या हॉकरने फेसबुकवर ‘हॉकर्स युनायटेड – दाबाओ 2020’ नावाचा गट काढला. आपापला पदार्थ, भाव आणि फोन नंबर लिहा, बाकी गिऱ्हाईक आणि तुम्ही. बघता बघता तिथे लाखोंची गर्दी झाली. सरकारही मागे राहिलं नाही. हॉकरने फोनवरून पैसे घ्यायला सुरुवात करावी म्हणून पाच महिने दरमहा 300 डॉलर बक्षीस ठेवलं. आयुष्यभर रोकड मोजलेल्या आजोबांना क्यूआर कोड लटकवायला पंधराशे डॉलर. त्याच 2020 च्या 16 डिसेंबरला युनेस्कोने सिंगापूरची हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. नोंद आहे ती ‘सामुदायिक भोजना’ची. म्हणजे ज्या वर्षात अख्ख्या शहराने दार लावून, एकेकट्याने, प्लास्टिकच्या डब्यातून खाल्लं, त्या वर्षी एकत्र बसून खाण्याचं प्रमाणपत्र आलं. सरकारी टपाल उशिरा पोचतं हे आंतरराष्ट्रीय सत्य आहे.

ज्या हॉकरसमोर रांग असते त्याला ॲपची गरज पडत नाही. सिंगापूरकर रांग दिसली की आधी उभा राहतो, मग पुढे काय मिळतंय ते विचारतो. अशा दुकानांतले कित्येक म्हातारे ॲपवाल्याला सरळ ‘नको’ म्हणतात. लिटल इंडियात 1924 पासूनचं आनंद भवन आहे, 1947 पासूनचं कोमला विलास आहे. फोनमध्ये नकाशा यायच्या आधी दोन-तीन पिढ्या तिथली वाट पाठ करून बसल्या होत्या. आणि ज्याला ॲप लागतं त्याच्या दारात रांग नसते, म्हणून तर ते लागतं. म्हणजे औषध त्यालाच महाग, जो आजारी.

कमिशनशून्य धंद्याचा नमुना मात्र आपल्याच माणसांनी घालून दिलाय. गणपती आले की सिंगापुरातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर उकडीच्या मोदकांचे संदेश फिरायला लागतात, दिवाळीत फराळाचे, होळीला पुरणपोळीचे. सरकारी घरात राहून घरगुती धंदा करायला तिथे परवानगी आहे. पाटी लावायची नाही, घरात न राहणारा नोकर ठेवायचा नाही. 2020 च्या टाळेबंदीत हे घरगुती खाद्यधंदेही बंद होते, 12 मेपासून परत मोकळे झाले. कुठल्याही ॲपवर नाव नाही, तारे नाहीत, जाहिरात नाही. तरी एकवीस मोदक वेळेवर पोचतात, कारण पोचले नाहीत तर पुढच्या हळदीकुंकवात तोंड दाखवायची सोय नाही. मोदक करणाऱ्या काकूंना प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव ठाऊक, तिच्या सासूचं पथ्य ठाऊक, मागच्या वेळचे बारा डॉलर राहिलेत तेही ठाऊक. ही जी यादी काकूंच्या डोक्यात आहे, तिच्याच जोरावर ग्रॅब अमेरिकेच्या शेअर बाजारात जाऊन बसली. काकूंनी फक्त तिला मूल्यांकन लावून घेतलं नाही.

तेव्हा रेस्टॉरंटवाल्यांनी टक्क्यांची लढाई लढावी, जरूर लढावी, पण ती फार तर पाच-सात टक्क्यांनी जिंकता येईल. ॲपला शत्रू मानण्यातही अर्थ नाही. नवं गिऱ्हाईक दाखवायचं काम ते करतं, आणि पहिल्या ओळखीची दलाली द्यायला हरकत नसावी. पण त्याच माणसाच्या पंचविसाव्या थाळीवरही ओळख करून दिल्याची दलाली देत राहायचं, याला धंदा म्हणत नाहीत. चिठ्ठी, वेबसाइट, व्हॉट्सॲप, जे जमेल त्याने माणूस आपल्या वहीत उतरवून घ्यावा. 

ग्राहकांनीही थोडं मनावर घ्यावं. समाजमाध्यमांवर ‘छोट्या रेस्टॉरंटांना जगवा’ असं लिहून झालं की त्याच फोनवरून पुढच्या मिनिटाला सवलतीचा कोड शोधणारे आपणच. एकदा थेट दुकानात फोन करून बघावा. नंबर पाटीवर असतो, बिलावर असतो.

आणि मालकांनी, ग्राहकाला हा उपदेश करायच्या आधी, तो फोन वाजला तर उचलायला कोणी आहे का ते बघावं. बहुतेक ठिकाणी तो बराच वेळ वाजत राहतो. ज्या पोऱ्याने तो उचलायचा, तो ॲपच्या ऑर्डरी डब्यात भरत असतो.